तट बांधणाऱ्याचें नांव कोणत्या दप्तरांत?

शेतकरी, गाबीत, भंडारी, पाथरवट व सर्व कारागीर बंधुभगिनींनो,

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहून समोर पाहा. इ. स. १६६४ सालीं कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं सिंधुदुर्गाचें काम सुरूं केलें. साडेतीनशे वर्षें समुद्र त्या तटाशीं झुंजतो आहे. तो चिरा कोणीं फोडला? चुना कोणीं घोटला? होडींतून दगड कोणीं वाहिला? आमच्याच वाडवडिलांनीं. मग त्यांपैकीं किती जणांचीं नांवें इतिहासाच्या पुस्तकांत आहेत?

इतिहास कागदावरून लिहिला जातो, आणि कागद सांपडतो तो लेखणीवाल्याच्या घरीं. ७ जुलै १९१० रोजीं पुण्यास विश्वनाथ काशिनाथ राजवाडे व खंडेराव मेहेंदळे यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळ काढलें. त्यापूर्वीं, १८९८ पासूनच, राजवाडे 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' छापीत होते. गांवोगांव हिंडून त्यांनीं वाळवीच्या तोंडांतले रुमाल सोडविले. हें काम मोठें आहे. तें नाकारील तो कृतघ्न. परंतु ते रुमाल कोणाचे? बहुतेक देशमुख-देशपांडे, कुळकर्णी, सरदार व सावकार यांचे. त्यांत आमचा बाप आढळतो तो बहुधा वेठीला, बाकीला, नाहीं तर दंडाला! एवढ्यालाच महाराष्ट्राचा इतिहास म्हणणें हा एकांगी हिशेब होय.

पण त्यावर उपाय कोणता? ५ जानेवारी २००४ रोजीं, एका परदेशी लेखकाच्या शिवाजीविषयक पुस्तकाच्या रागानें, कांहीं जणांनीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत शिरून मोडतोड केली. त्यानें आपल्या पदरांत काय पडलें? लाठीनें कपाट फुटतें, इतिहास लिहिला जात नाहीं. जोतीरावांनीं १८६९ सालीं शिवाजीराजांचा पवाडा रचला तो लेखणीनें. आपल्याच वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गांवचे कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनीं १९०७ सालीं शिवचरित्र प्रसिद्ध केलें, तेंही लेखणीनेंच.

म्हणून मालवणास आपलें मंडळ हवें. त्यास वाडा नको. शाळेची एक खोली व आठवड्याची एक सांज पुरे. पहिलें काम : माळ्यावरच्या पेटींतील सनद, खोताची पावती, गहाणखत कोणाला देऊन टाकूं नका, छबी मंडळांत द्या, मूळ घरींच जपा. दुसरें : प्रत्येक वाडींतल्या एका मुलानें किंवा मुलीनें मोडी शिकावी. परक्याकडून आपला कागद वाचून घेणारा परक्याच्याच अर्थावर राहतो. तिसरें : आजीच्या जात्यावरच्या ओव्या, तांडेलाला ठाऊक असलेलीं खडकांचीं नांवें, पाथरवटाचीं हत्यारें, हें सारें सांगणारा जिवंत आहे तोंवर त्याच्या नांवानिशीं लिहून ठेवा.

आणि एक अट. गाबीतवाडी, बौद्धवाडी, दालद्यांचा मोहल्ला, सर्वांना तेथें सारखें मत. एका जातीची मक्तेदारी मोडून दुसऱ्या जातीची बसवायची असेल, तर पुणें काय वाईट होतें?

आमचा इतिहास कोणीं लिहिला नाहीं, हें रडगाणें आतां पुरे. तट आमच्या बापानें बांधला. त्याची वही आपण बांधूं.