उकरलेली मायभूमी

प्रशांत महासागरातील नाउरू हे अवघ्या २१ चौरस किलोमीटरचे राष्ट्र. तेथील फॉस्फेटच्या खतावर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची कुरणे हिरवी झाली आणि बेटाचा मध्यभाग चुनखडीच्या सुळक्यांचे ओसाड रान होऊन बसला. १९१९च्या करारान्वये ब्रिटनसह या दोघांनी हा माल आपसांत स्वस्तात वाटून घेतला. पुढे हेच तिघे जगापुढे बेटाचे विश्वस्त म्हणून मिरवत होते!

१९६४ साली ऑस्ट्रेलियाने नाउरूवासीयांना क्वीन्सलँडजवळील कर्टिस बेटावर वसवण्याचा प्रस्ताव पुढे केला. त्यात आपले राष्ट्रीय अस्तित्वच विसर्जित होईल, हे ओळखून हॅमर डीरोबर्ट यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी तो नाकारला. मूठभर लोक, पण केवढे हे स्वत्व! १९६८ साली ते स्वतंत्र झाले. १९८९ साली त्यांनी ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले आणि १९९३ च्या तडजोडीत १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई मिळवली.

स्वराज्यातही खोदकाम चालूच राहिले व पैसा उधळला गेला, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु तिजोरी रिती होताच, २००१ साली ऑस्ट्रेलियाने आपल्याकडे येणारे आश्रयार्थी डांबण्यासाठी हेच बेट निवडावे, याला काय म्हणावे? मध्यभाग उजाड, म्हणून वस्ती किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत. समुद्र चढू लागला आहे. त्या लोकांनी जायचे कोठे?