नारबा, बिंदू आणि आपण



या आठवड्यात खताच्या मात्रा आणि फवारणी बाजूला ठेवतो. गावोगावी हिंडताना लोक विचारतात, "साहेब, नोकरीचं सोडून दुसरं काही वाचता-बघता का?" वाचतो की. आणि माझ्या आवडीची कादंबरी नि सिनेमा, दोन्ही शेतकऱ्याच्याच घरातले आहेत. दोन्हींत गावात काहीतरी नवं येतं. नवं आणणं हाच माझा धंदा, म्हणून ती मला जास्त लागली असतील.

कादंबरी म्हणजे आनंद यादवांची 'गोतावळा'. १९७१ साली निघाली. सांगणारा आहे नारबा, मालकाच्या मळ्यावर राहणारा गडी. बिनलग्नाचा, मागंपुढं कोणी नाही. मळ्यावरची गुरंढोरं हाच त्याचा गोतावळा. सगळं पुस्तक त्याच्या तोंडच्या कोल्हापूरकडच्या बोलीत आहे. विदर्भ-मराठवाड्याकडच्या वाचकाला पहिली काही पानं अडखळल्यासारखी होतील. मोठ्यानं वाचा, मग अडत नाही. मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि जनावरांची गरज सरत जाते. गोष्ट एवढीच.

पुष्कळजण म्हणतात, हे पुस्तक यंत्राच्या विरोधात आहे. मला तसं वाटत नाही. ट्रॅक्टरनं दिवसांची नांगरट तासांत होते, वाफसा निघून जायच्या आत रान तयार होतं, हे मी आजवर सांगत आलो आणि उद्याही सांगेन. पण कर्जाच्या कागदात हप्त्याचा रकाना असतो, नारबाचा नसतो. दावण रिकामी झाली की शेणखत विकत आणावं लागतं, हेही तिथं कोणी मांडत नाही. यादव त्यावर भाषण करत नाहीत, नारबाला बोलू देतात. म्हणून पुस्तक मिटताना मालक चुकला असं म्हणवत नाही आणि नारबाकडं बघवतही नाही. ज्यांच्या दारात नवा ट्रॅक्टर उभा आहे, त्यांनी तर हे पुस्तक जरूर वाचावं.

सिनेमा म्हणाल तर श्याम बेनेगलांचा 'मंथन', १९७६ चा. हिंदी आहे, पण पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची आणि बिंदूचं काम स्मिता पाटीलचं. गुजरातच्या दूध संघाच्या पाच लाख शेतकऱ्यांनी माणशी दोन रुपये घातले, त्या दहा लाखांत हा सिनेमा उभा राहिला. २०२४ साली त्याची नव्यानं दुरुस्त केलेली प्रत फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवली. त्याच वर्षी डिसेंबरात बेनेगल गेले.

असले सिनेमे संथ असतात, मारामारी नाही की नाच नाही, अशी तक्रार नेहमी ऐकतो. 'मंथन' बघताना ती राहत नाही, कारण त्यातलं भांडण आपल्या ओळखीचं आहे. खाजगी डेअरीवाला दुधाला पडेल तो भाव देतो. शहरातून डॉक्टर राव येतो आणि फॅट तपासून भाव द्या म्हणतो. सोसायटीच्या निवडणुकीत सरपंच पडतो, दलित वस्तीतला उमेदवार निवडून येतो, आणि मग गाव बिथरतं.

लोक डॉक्टरला नायक समजतात. गिरीश कार्नाडांनी काम झकासच केलं आहे. पण आम्ही बदलीची माणसं, कागद आला की निघालो. सिनेमातला डॉक्टरही शेवटी जातो. मागं राहतो तो भोला. नसीरुद्दीन शाहनं केलेला हा तिरसट, शहरी माणसावर पहिल्यापासून भडकलेला गडी पुढं सोसायटी धरून ठेवतो. माझ्या हिशेबी नायक तो.

बिंदूबद्दल मात्र माझी या सिनेमाशी तक्रार आहे. तिच्या अंगठ्याचा वापर करून डॉक्टरवर खोटा आळ घेतात, तिच्या वाट्याला फसवणूक येते आणि सोसायटी जाते भोलाच्या हाती. आमच्या सौ. म्हणतात, "धार बाई काढते आणि डेअरीचं खातं बाप्याच्या नावावर, हे काय त्या लोकांनी बनवून सांगितलं? जसं होतं तसं दाखवलं." वाद अजून मिटलेला नाही. तुमच्या घरी सिनेमा बघाल तेव्हा बायाबापड्यांना चुलीपासून उठवून पुढं बसवा आणि त्यांचं मत आधी विचारा.

कादंबरी कधी हातात धरलीच नसेल त्यानं व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आधी घ्यावी. १९५५ ची, लहानशी आहे. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथं आलेला पोरसवदा मास्तर आणि शेवटी दुष्काळानं उठून गेलेलं गाव. अमोल पालेकरांनी १९९५ साली त्यावर सिनेमा केला, पण आधी पुस्तक. शाळेतल्या पोराला रात्री जेवणं झाल्यावर आठ-दहा पानं मोठ्यानं वाचायला लावा, आजोबांच्या बाजेपर्यंत ऐकू जाईल अशी. आजोबा मध्येच थांबवून मेंढरांचं काही सांगू लागले तर पोरानं पुस्तक मिटून ऐकावं.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरची घाटेअळी.