लाडूचे पोट

दिवाळी अंकात बायकांनी करंज्यांबद्दल लिहावे, फार तर रांगोळीबद्दल लिहावे, असा एक अलिखित दंडक आहे. वर्षभर या सदरातून मी मोलकरीण, भाजीवाला आणि आमच्या सोसायटीची लिफ्ट यांची गाऱ्हाणी सांगत आले. सणासुदीला तरी काही गोडाचे द्यावे असे मनात होते. पण यंदा आमच्या घरात जो लाडू आला तो बेसनाचाही नव्हे आणि रव्याचाही नव्हे. त्याला चार पाय होते, एक शेपूट होते, आणि पोटात... पण ते क्रमाने सांगते. (फराळाचे ताट पुढ्यात असेल तर ते आधी संपवावे, ही विनंती.)

नारळी पौर्णिमेचा आदला दिवस. पुण्यात पावसाची झड लागलेली. आमची चिंगी शाळेतून आली ती रेनकोटाच्या आत काहीतरी दडवूनच. जिन्याखाली, स्कूटरच्या मागे सापडले म्हणे. आई परवा गाडीखाली गेली, भावंडही सकाळी गेले, असे वॉचमनने सांगितले. मी "नको" म्हणायला तोंड उघडले, तेवढ्यात त्या ओल्या बोळ्याने माझ्या पदराचा वास घेतला आणि तोंड उघडे ते उघडेच राहिले.

"खात्यापित्या घरचं दिसतंय," सासूबाई लांबूनच म्हणाल्या. "पोट बघ कसं गरगरीत आहे."

होतेच ते गरगरीत. म्हणून तर चिंगीने नाव ठेवले लाडू. मी वाटीभर कोमट दूध पुढे केले. त्याने वाटी चाटूनपुसून लख्ख केली आणि मला अन्नपूर्णा झाल्यासारखे वाटले. ते रात्री दोनपर्यंतच टिकले. दोन ते पाच या वेळात मी तीनदा फरशी पुसली. चौथ्या वेळी दिव्याच्या उजेडात शेवईचा एक तुकडा दिसला. दूध दिले होते, शेवयांची खीर नव्हे, असा विचार करते आहे तोच शेवई हलली.

सकाळी घरात वैद्यकसभा भरली. "वावडिंगाचं पाणी दे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पाचही मुलांना तेच दिले होते. ह्यांना आठवले की शाळेत देतात तसली ४०० मिलिग्रॅमची जंताची गोळी घरात आहे. "अगं, अर्धी देऊ या." शेजारच्या काकू लसणीची पाकळी घेऊनच आल्या. मी कोणाचेच ऐकले नाही. ह्यात शहाणपण नव्हते, झोप झाली नव्हती एवढेच. लाडूला टॉवेलात गुंडाळले आणि जनावरांच्या दवाखान्याची वाट धरली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणे आमच्या हेडमास्तरणीसारखे. त्यांनी पोटाकडे पाहिलेसुद्धा नाही. पाठीवरून बोट फिरवले आणि माझे बोट धरून तसेच फिरवायला लावले. मणका अन् मणका हाताला लागला. मग लाडूचा ओठ वर केला. हिरड्या गुलाबी असायच्या, त्या जुन्या कागदासारख्या पांढुरक्या.

"मावशी, हे बाळसं नाही. पोटात जंत आहेत, बाकी सगळा उपास आहे."

विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर अंडी दोन तऱ्हांची. शेवयांसारखे ते गोलकृमी. दुसरे अंकुशकृमी, हे दिसायला बारीक, पण आतड्याला चिकटून रक्त पितात. पिलाला ते कुठून लागले, तर आईकडूनच. कुत्रीच्या अंगात गोलकृमीच्या अळ्या निजून असतात, ती गाभण राहिली की जाग्या होतात आणि वारेतून पिलात उतरतात. अंकुशकृमी दुधातून येतात. म्हणून तर औषध जन्मानंतर दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करायचे असते. आमचा लाडू सहा आठवड्यांचा आणि वजन १ किलो १०० ग्रॅम.

औषध वजनावर मोजून दिले: पायरँटेल, पिवळसर पातळ, सुईविना सिरिंजने. घरगुती उपायांची नावे मी भीत भीत सांगितली. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतात, म्हणजे आधीच रक्त कमी असलेल्या पिलाला पाकळी देणे ही हद्दच. माणसाची गोळी अंदाजाने मोडून द्यायची नाही. आणि गाईचे दूध पिलाला पचत नाही, त्यानेच ढाळ लागतात. हे शेवटचे ऐकताना मी पर्समध्ये काहीतरी शोधत होते.

"आज रात्री सांभाळा," त्या म्हणाल्या. "जंत एकदम सुटले तर आतडं तुंबू शकतं. उलट्या झाल्या, पोट दुखून कण्हायला लागला, हिरड्या आणखी पांढऱ्या झाल्या, तर लगेच आणा. रक्त द्यावं लागेल."

ती रात्र मी विसरणार नाही. गरम पाण्याची बाटली जुन्या लुगड्यात गुंडाळून त्याच्या कुशीला ठेवली. दर तासाला ओठ वर करून पाहायचे. बॅटरीच्या उजेडात सगळेच पांढरे दिसते, हे तेव्हा कळले. एक वाजता तो थंडगार लागला. हाक मारली तर कानही हलेना. मी ह्यांना उठवायला निघाले तर सासूबाई दारात उभ्या. काही न बोलता खाली बसल्या, ह्या गुडघ्यांनी, आणि त्याला मांडीवर घेऊन पदराखाली झाकले. शिवाशिवीचे काय झाले, मी विचारले नाही. पहाटे त्याने त्यांच्या लुगड्यावरच शेवयांचा गुंता टाकला. "गेले मेले," असे त्या म्हणाल्या तेव्हा मी घाबरले. पण ते जंतांना होते.

पुढची कथा पथ्यपाण्याची. दर दोन आठवड्यांनी पुन्हा औषध. कारण औषध आतड्यातल्यांना लागू पडते, अंगात फिरणाऱ्या अळ्या मागाहून खाली येतात. लोहाचे औषध निराळे. लस आठवडाभर लांबली. खाणे दिवसातून चारदा, थोडे थोडे. उपाशी पिलाला एकदम ठासून भरायचे नसते. आमच्या शाकाहारी स्वयंपाकघरात खरी अडचण इथे आली. नुसत्या मऊ भातावर पिलू वाढत नाही. त्यासाठी गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळे पातेले, उकडलेले अंडे, बिनमिठाची कोंबडी. हे काम ह्यांनी अंगावर घेतले. तीस वर्षांत चहा न केलेला माणूस हाडे काढून कोंबडी कुस्करतो आहे, हे दृश्य सोसायटीतल्या बायका मुद्दाम पाहून जात.

चिंगीसाठी मात्र नियम कडक केले. विष्ठा त्याच दिवशी उचलायची. गोलकृमीची अंडी मातीत काही आठवडे राहिली की मगच लागण करतात, पण एकदा मुरली की वर्षानुवर्षे राहतात. मुलांच्या पोटात गेली तर अळ्या यकृतात नि डोळ्यातही जाऊ शकतात. अंकुशकृमी तर अनवाणी पायातून शिरतात. साबण दाराशी, चपला पायात. पिसवाही विंचरून काढायच्या, त्यांच्यामार्फत पट्टकृमी येतो. चिंगी आता जेवायला बसण्याआधी स्वतःहून हात धुते. दहा वर्षे मी जे सांगून थकले ते शेवयांनी एका सकाळी केले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लाडूला रेबीजची लस दिली. वजन भरले ५ किलो ६०० ग्रॅम. हिरड्या अशा गुलाबी की डॉक्टरीणबाईंनी चिंगीलाच ओठ वर करून पाहायला सांगितले. पोट मात्र पार आत गेले आहे. नाव बदलावे का, असा प्रश्न घरात निघाला होता. औषधाचा पाचवा डोस नेमका दिवाळीत येतो, आणि सहा महिन्यांचा होईपर्यंत महिन्याला एकेक.

काल फराळाची यादी करायला बसले. चिवड्यात बेदाणे घालणे हा सासूबाईंचा साठ वर्षांचा हट्ट. मी यादीत बेदाणे लिहिले, तर त्यांनी चष्म्यातून पाहिले.

"बेदाणे खोड. ती डॉक्टरीण म्हणाली ना, कुत्र्याला विषासारखे असतात म्हणून? चिंगी खाताना निम्मा चिवडा खाली सांडते."

"आई, पण तुम्हाला बेदाण्यांशिवाय..."

"खोड म्हटलं ना. आणि त्याचं अंडं उकडलं का, विचार जाऊन. दहा वाजून गेले."