यंत्राने हरवलं ते घाईला

किलोभर तांदूळ आपण डोळ्यांत तेल घालून निवडतो. पण घरात कार्य निघालं, पोतंभर तांदूळ पुढ्यात आले आणि वर घाई असली, की एखादा पांढरा खडा निसटतोच. दाताखाली आल्यावरच तो कळतो.

कॅन्सरच्या निदानातही असंच होतं. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिका ग्रंथी काढून तपासायला पाठवतात. रोग तिथवर पोचलाय का, यावर पुढचे उपचार ठरतात. पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे पेशी तपासणारे डॉक्टर, ग्रंथीचा पातळ काप काचेच्या स्लाइडवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. असंख्य निरोगी पेशींच्या गर्दीत कॅन्सरचा ठिपका कधीकधी दोन मिलिमीटरहूनही लहान असतो.

हे निवडण्याचं काम संगणकाला जमेल का? नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्यासाठी स्पर्धाच लावली. २७० स्लाइडची छायाचित्रं शिकवणीसाठी दिली. ‘डीप लर्निंग’ पद्धतीत संगणकाला नियम पाठ करायला लावत नाहीत. चित्राचे बारीक तुकडे दाखवत जायचं, त्याने ओळखायचं, चुकला की दुरुस्त करायचं. आईशेजारी बसून लेक तांदूळ निवडायला शिकते ना, तसंच!

मग १२९ नव्या स्लाइड आल्या. ११ डॉक्टरांना त्या बघायला रोजच्या कामासारखा साधारण दोन तासांचा वेळ दिला. डिसेंबर २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सर्वांत चांगले संगणक कार्यक्रम या डॉक्टरांपेक्षा सरस ठरले. बारीक ठिपके तर अनुभवी नजरेतूनही निसटले होते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आणखी एका डॉक्टरांना घड्याळाचं बंधन नव्हतं. त्यांनी सुमारे तीस तास घेतले आणि ते यंत्राच्या तोडीस तोड उतरले. म्हणजे यंत्राने डॉक्टरांना हरवलं नाही, हरवलं ते घाईला!

म्हणूनच यंत्राकडे डॉक्टरांचा मदतनीस म्हणून बघायला हवं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२१ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या स्लाइडसाठी अशा एका कार्यक्रमाला परवानगी दिली, तीही डॉक्टरांच्या मदतीपुरतीच. यंत्राच्या मर्यादाही आहेत. एका प्रयोगशाळेच्या स्लाइडवर शिकलेला संगणक दुसरीकडे रंगाची छटा बदलली तरी गोंधळू शकतो. रिपोर्टवर सही आणि जबाबदारी माणसाचीच.

आता आपल्यापुरतं काय? यंत्र कितीही हुशार असो, समोर आलेलीच स्लाइड ते बघणार. गाठ लागली आणि ‘दिवाळी होऊ दे, पोरीची परीक्षा होऊ दे’ म्हणत आपण घरीच बसलो, तर कोणता संगणक धावून येणार?

दुसरं, बायोप्सी झाली की नुसता रिपोर्ट घेऊन थांबू नका. स्लाइड आणि मेणात जपलेला तुकडा, ज्याला ‘ब्लॉक’ म्हणतात, यांची चौकशी करा. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात त्या पुन्हा तपासायला मागतात. शंका असेल तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घेता येतं. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही आणि आपला आगाऊपणाही नाही.

तांदूळ आपण दोनदा निवडतो. मग जिवाच्या बाबतीत संकोच कशाला?