गॅस संपत नसतो

मे महिन्यात एसी थंड करेनासा झाला की ठाण्यापासून नागपूरपर्यंत एकच निदान ऐकू येतं: ‘सर, गॅस संपलाय.’ मेकॅनिक दारात चप्पल काढता काढताच हे सांगतो. पॅनेल उघडलेलं नसतं, फिल्टर बघितलेला नसतो, आउटडोअर कोणत्या भिंतीला टांगलाय हेही त्याला ठाऊक नसतं. निदान मात्र झालेलं असतं आणि किंमतही ठरलेली असते. अडीच हजार, तीन हजार, ‘वरून जीएसटी’. आणि आपण, शिकलीसवरलेली माणसं, मुकाट्यानं पाकीट काढतो.

हे निदान बहुतेक वेळा अडाणीपणाचं असतं आणि उरलेल्या वेळा सरळ सरळ लबाडीचं. दोन्हींची मला सारखीच चीड आहे.

गॅस संपत नाही. संपूच शकत नाही. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, कशात विरघळून नाहीसा होत नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये तो उष्णता टाकून द्रव होतो, बारीक नळीतून किंवा व्हॉल्व्हमधून जाताना त्याचा दाब कोसळतो, आतल्या कॉइलमध्ये तो तुमच्या खोलीची उष्णता शोषून पुन्हा वायू होतो आणि परत कॉम्प्रेसरकडे जातो. बंद वर्तुळ. पहिल्या दिवशी भरलेले ग्रॅम दहाव्या वर्षीही तेवढेच असायला हवेत. स्वयंपाकघरातला फ्रिज बघा. तत्त्व तेच, चक्र तेच, आणि तो बारा महिने चोवीस तास चालतो. फ्रिजमध्ये दर उन्हाळ्यात गॅस भरायला कोणी येतं का? मग एकाच घरात, एकाच भौतिकशास्त्राखाली, एसीचाच गॅस कसा ‘आपोआप कमी होतो’? हा प्रश्न मी मेकॅनिकना विचारतो. उत्तर असतं, ‘एसीचं वेगळं असतं सर.’

वेगळं असतं, खरंय. काय वेगळं असतं ते ऐका. फ्रिजचे सगळे सांधे कारखान्यात पक्के होऊन येतात. स्प्लिट एसीचे तांब्याचे दोन पाइप तुमच्या घरात, स्टुलावर उभं राहून, घाईघाईत जोडले जातात. पाइपचं तोंड हत्यारानं फाकवायचं, आतली धार घासून गुळगुळीत करायची, मग नट नेमक्या जोरानं आवळायचा. सैल राहिला तर गळतो, जास्त आवळला तर तांबं चिरतं आणि गळतो. म्हणजे गॅस गेला असेल तर तो गळलाय, आणि बऱ्याचदा बसवणाऱ्याच्याच हातून गळलाय. ज्या व्यवस्थेनं गळती लावून दिली, तीच व्यवस्था दर उन्हाळ्यात गॅस भरण्याचे पैसे घेते. आणि पावतीवर या गळतीचा उल्लेखही नसतो!

‘पण त्यानं मीटर लावून दाखवलं की!’ हो, दाखवलं. गेजचा काटा खाली होता, तुम्ही मान डोलावली. आता मुद्द्याची गोष्ट. आतला फिल्टर धुळीनं गच्च भरला की कॉइलवरून हवा कमी वाहते, गॅसला पुरेशी उष्णता मिळत नाही आणि परतीच्या पाइपमधला दाब उतरतो. गेजवर हुबेहूब ‘गॅस कमी’ दिसतं. गॅस पूर्ण असताना! मग हा गृहस्थ वरून आणखी गॅस कोंबतो. महिन्याभरानं कोणीतरी फिल्टर धुतं, हवा मोकळी होते आणि आता जास्तीच्या गॅसनं दाब चढतो, कॉम्प्रेसर तापतो, ट्रिप होतो. पुढचं निदान: ‘कॉम्प्रेसर गेला.’ पाच मिनिटांच्या नळाखालच्या कामाचा प्रवास पंधरा-वीस हजारांपर्यंत गेला. इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसर सतत वेग बदलतो, वेगाबरोबर दाबही हलतो. त्यात गेजचा एक आकडा बघून निकाल देणं म्हणजे शुद्ध आचरटपणा. शिवाय जुन्या 22 नंबरच्या गॅसला चालू यंत्रात साठ-सत्तर पीएसआय दाब असायचा, आजच्या 32 नंबरला त्याच्या जवळपास दुप्पट लागतो. जुने आकडे डोक्यात घेऊन नव्या यंत्रावर गेज लावणारे लोक मी स्वतः पाहिलेत.

मग बघायचं काय, आणि कोणत्या क्रमानं? जे फुकट आहे ते आधी. फिल्टर काढा, धुवा, सुकवा, लावा. आतल्या कॉइलवर बर्फ साचलाय का? मग कूलिंग बंद करून नुसत्या पंख्यावर चालवा, बर्फ वितळू द्या आणि स्वच्छ फिल्टर लावून पुन्हा बघा. तरीही बर्फ धरला तर गॅसची शंका घ्या, त्याआधी नको. आतून पाणी टपकतंय? त्याचा गॅसशी बहुधा काडीचा संबंध नसतो. ट्रेमध्ये बुळबुळीत शेवाळ साचतं, ड्रेनचा पाइप तुंबतो, किंवा तो पाइप मुळातच उलट्या उताराचा बसवलेला असतो. पाण्याला उतार हवा. हे सांगायला अभियंता लागत नाही आणि बसवणाऱ्या अर्ध्याअधिक लोकांना ते कळत नाही.

नंतर बाहेर बघा. आमच्या शहरांत आउटडोअर कुठे कोंबलेला असतो! इमारतीच्या अंधाऱ्या डक्टमध्ये, एकाच्या तोंडासमोर दुसरा, दुसऱ्याच्या तोंडासमोर तिसरा. एकानं फेकलेली गरम हवा दुसरा ओढून घेतो. कुठे शोभेसाठी पुढे लाकडी पट्ट्यांचं कपाट केलेलं असतं. इंटिरिअर डिझायनरनं यंत्राचं नाक बंद करून त्याचे पैसेही घेतलेले असतात. मागच्या कॉइलला कबुतरांची पिसं, काड्या आणि विष्ठेचा थर. उष्णता बाहेर टाकायचीच सोय नाही, तर खोली थंड होणार कुठून? आणि खाडीकाठी किंवा उघड्या नाल्याशेजारी राहत असाल तर आणखी एक: गटाराच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो, तो तांबं खातो. कॉइल काळी पडते, तिला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. तिथे खरंच गॅस जातो. पण उपाय कॉइल दुरुस्त करणं किंवा बदलणं हा आहे, दर मे महिन्यात तिच्यात पैसे ओतणं नाही.

आता कपॅसिटर. इन्व्हर्टर नसलेल्या एसीत सगळ्यात जास्त बदनामी गॅसची होते आणि सगळ्यात जास्त गुन्हे या डबीचे असतात. बाहेरचं यंत्र घूं घूं करतं, पण कॉम्प्रेसर सुरू होत नाही आणि काही सेकंदांनी टक् करून गप्प बसतं. किंवा पंखा फिरत नाही, काडीनं ढकलला तर फिरायला लागतो (हे बघितलेलं सांगतोय, तुम्ही काडी घालू नका). कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसलं तर बहुतेक तिथेच गुन्हेगार सापडला. ही डबी काही शे रुपयांत मिळते. तिच्यावर मायक्रोफॅरॅडचा आकडा छापलेला असतो, साधं मीटर लावलं की खरा आकडा कळतो. दोन मिनिटांची तपासणी. ती न करता गॅसचे तीन हजार मागणाऱ्याला मी कारागीर म्हणायला तयार नाही. घरच्यांनी मात्र हा भाग हाताळू नये: वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार साठून राहतो आणि जबरदस्त झटका बसतो.

खरी दुरुस्ती कशी दिसते, तेही सांगतो, कारण ती होत नाही असं नाही. डोंबिवलीत माझ्या मावशीकडे दर उन्हाळ्यात गॅस भरला जायचा. यंदा एक पोरगेलासा मेकॅनिक आला. आल्यावर म्हणाला, ‘काकू, आधी गेल्या वर्षीचा गॅस कुठे गेला ते बघू.’ त्यानं पाइपमध्ये नायट्रोजनचा दाब दिला आणि साबणाचा दाट फेस ब्रशनं एकेका सांध्याला फासला. आउटडोअरचे दोन्ही नट कोरडे. मग आतलं युनिट भिंतीपासून थोडं उचललं, मागचा काळा फोम सोलला आणि अर्धा इंची नटाखाली फेस लावला. तिथे मोहरीएवढा एक बुडबुडा आला. फुगला, फुटला, पुन्हा आला. मावशी चष्मा लावून बघत होती. इतक्या वर्षांचे तिचे पैसे त्या बुडबुड्यातून गेले होते. पोरानं पाइपचं तोंड कापलं, नवं फाकवलं, धार घासली, नट टॉर्क पान्यानं आवळला, पुन्हा फेस लावला. बुडबुडा नाही. मग व्हॅक्यूम पंप लावला आणि अर्धा तास शांत बसला. त्यानंतर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून स्टिकरवर लिहिला होता तेवढाच गॅस भरला, ग्रॅममध्ये.

हा वजनकाटा आणि हा पंप, दोनच वस्तू. आउटडोअरच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि वजन छापलेलं असतं. दीड टनाच्या घरगुती यंत्रात साधारण पाऊण ते एक किलो. मग अंदाजानं, गेजच्या काट्याकडे बघत, ‘बास झालं’ म्हणत का भरायचा? पंप न लावता थोडा गॅस सोडून हवा ‘हाकलून’ लावतात, तेव्हा आत ओलावा राहतो, तो कॉम्प्रेसरच्या तेलात मुरतो आणि आम्ल तयार करतो. 410 नंबरचा गॅस हे 32 आणि 125 या दोन गॅसचं वजनानं निम्मं-निम्मं मिश्रण असतं, ते द्रवरूपातच भरावं लागतं. 32 नंबर सौम्य ज्वलनशील आहे, तो पाइपात असताना ब्लोटॉर्च पेटवणं हा जीवाशी खेळ आहे. हे सगळं यंत्रं विकणाऱ्यांच्या पुस्तिकांत छापलेलं असतं. मग त्यांनीच पाठवलेल्या माणसाच्या पिशवीत वजनकाटा का नसतो? जाहिरातीत कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची हमी ठळक अक्षरात, आणि गॅस, पीसीबी, मजुरी वगळल्याचं मुंगीच्या अक्षरात. माणसाला दिवसाला डझनभर तक्रारी उरकायला लावतात, तेव्हा त्यानं साबणाचा फेस कधी फासायचा? चोर तो माणूस नाही. त्याच्या डोक्यावर बसवलेलं वेळापत्रक चोर आहे.

ग्राहकालाही मी सोडणार नाही. बाहेर 45 अंश असताना रिमोटवर 16 लावून ‘थंड होत नाही’ म्हणून फोन करायचा! एसीची क्षमता मोजतात ती बाहेर 35 अंश आणि आत 27 धरून. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तेच यंत्र तेवढी उष्णता उपसू शकत नाही, आणि 16 लावल्यानं त्याला नवं बळ येत नाही. स्टार लेबलच्या घरगुती एसींना 1 जानेवारी 2020पासून 24 अंशांची मूळ सेटिंग सक्तीची झाली, ती वीज वाचवण्यासाठी. आणि अर्धा तास पंप लावणाऱ्याशी ‘तुमचा माणूस फार वेळ लावतो’ म्हणून भांडणारेही आपणच.

शेवटचा हिशोब हवेचा. जुना गॅस डक्टमध्ये सोडून देतात तेव्हा तो फुस्स आवाज करून जातो, आणि घरातल्या कुणालाही काही वाटत नाही. 32 नंबरचा एक किलो गॅस शंभर वर्षांच्या हिशोबानं 675 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. तेवढा धूर करायला जवळपास तीनशे लिटर पेट्रोल जाळावं लागेल. अशा गॅसचा वापर कमी करण्याचा किगाली करार भारतानं 2021मध्ये मान्य केला, आणि इकडे तिसऱ्या मजल्यावर कोणी पाना फिरवून व्हॉल्व्ह उघडून मोकळा झाला. गॅस परत टाकीत ओढून घेणारं यंत्र बाजारात मिळतं. कंपन्यांनी ते प्रत्येक सेवा केंद्रात ठेवलं पाहिजे, आणि प्रत्येक पावतीवर तीन गोष्टी लिहिल्या पाहिजेत: गळती कुठे सापडली, किती ग्रॅम काढला, किती ग्रॅम भरला. माझ्या घरच्या पावतीवर या तीन ओळी रिकाम्या असतील तर मी पैसे देत नाही. तुम्हीही देऊ नका.