थंडावा चुंबकाचा, चावी कोणाकडे?

जून २०२५मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जाहीर केलं की, यापुढे एसीचं तापमान २० ते २८ अंशांच्या मध्येच ठेवता येईल असा नियम आणण्याचा विचार आहे. झालं! मीम्सचा पाऊस पडला. १६ वर एसी लावून वर गोधडी घेऊन झोपणाऱ्यांचं आता काय होणार, यावर घराघरांत चर्चा रंगली. त्याच्या दोनच महिने आधी, ४ एप्रिलला, चीनने सात दुर्मीळ धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली होती. त्या बातमीकडे आपल्यापैकी फारसं कुणी वळूनही पाहिलं नाही. पण त्या सातांच्या यादीत गॅडोलिनियम नावाचा एक धातू होता आणि त्याचा संबंध थेट आपल्या थंडाव्याशी आहे. आजच्या नाही, उद्याच्या.

कारण जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये गॅस आणि कॉम्प्रेसर नसलेला फ्रीज बनवण्याचा खटाटोप सुरू आहे. असा फ्रीज चुंबकावर चालतो. ऐकायला सायन्स फिक्शन वाटतं, पण यामागचं फिजिक्स शंभर वर्षांहून जुनं आहे. अडलंय ते दुसरीकडेच.

माठ ते एसी

आपला माठ, अंगावर शिंपडलेलं पाणी आणि किचनमधला फ्रीज या तिघांचं तत्त्व एकच. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता शोषून घेतो. माठातलं पाणी वाफ होऊन उडून जातं. फ्रीजमध्ये मात्र तोच गॅस पुन्हा दाबून, त्याचा द्रव करून फिरवत राहावा लागतो. दाबण्याचं काम कॉम्प्रेसरचं आणि वीज खातो तोही मुख्यतः हाच.

दुसरी अडचण त्या गॅसची. आज अनेक घरगुती एसींमध्ये आर-३२ असतो. हा १ किलो गॅस हवेत सुटला, तर १०० वर्षांच्या हिशेबात तो जवळपास ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडकवतो. त्याच्या आधीचा आर-४१०ए तर २ हजारांच्या वर. म्हणूनच २०१६च्या किगाली करारात असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. भारताने २०२१मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. वेळापत्रकानुसार २०२८पासून आपला वापर गोठवायचा, २०३२मध्ये १० टक्के कपात आणि २०४७पर्यंत ८५ टक्के.

आणि मागणी? केंद्राच्या २०१९च्या कूलिंग अॅक्शन प्लॅनचा अंदाज आहे की, २०१७-१८च्या तुलनेत २०३७-३८पर्यंत देशाची थंडाव्याची गरज सुमारे आठपट होईल. म्हणजे गॅस कमी करायचा, वीज वाचवायची आणि थंडावा आठपट द्यायचा. हे गणित आहे त्याच मशीनवर सुटणं कठीण. चुंबकाकडे लक्ष जातं ते इथे.

सावधान! विश्राम!

एनसीसीची परेड आठवा. नाहीतर शाळेतली पीटी. मैदानावर मुलं वाट्टेल तशी उभी आहेत. 'सावधान' म्हटलं की सगळे एका दिशेला ताठ. 'विश्राम' म्हटलं की पुन्हा सैल.

गॅडोलिनियमसारख्या धातूतला प्रत्येक अणू हा एक छोटासा चुंबक असतो. एरवी हे छोटे चुंबक बरेचसे वेड्यावाकड्या दिशांना असतात. बाहेरून मोठा चुंबक जवळ आणला की 'सावधान' होतं, सगळे एका रांगेत. पण निसर्गाचा नियम असा की, बाहेर उष्णता जाऊ दिली नाही, तर आतला एकूण गोंधळ तेवढाच राहतो. दिशांमधला गोंधळ कमी झाला की तो अणूंच्या थरथरण्यात जातो. अणू जास्त थरथरले म्हणजेच धातू गरम झाला. मग त्यावरून पाणी फिरवून ही उष्णता बाहेर नेऊन टाकायची. आता चुंबक दूर करा. 'विश्राम'! छोटे चुंबक पुन्हा मोकळे होतात, त्यासाठी लागणारी ऊर्जा अणूंच्या थरथरीतून ओढून घेतात आणि धातू आधीपेक्षा थंड होतो. हाच मॅग्नेटोकॅलरिक इफेक्ट.

याचा जुळा भाऊ घरी अनुभवता येतो. एक जाड रबर बँड झटकन ताणा आणि लगेच ओठांना लावा, कोमट लागेल. तसाच ताणून थोडा वेळ धरा, मग सोडा आणि पुन्हा ओठांना लावा, गार लागेल. तिथे चुंबकाऐवजी ताण आहे, पण रांग लावायची आणि मोडायची ही युक्ती तीच.

गॅडोलिनियमच का? प्रत्येक चुंबकीय धातूचं एक 'क्युरी तापमान' असतं. त्याच्या वर गेलं की धातूचं चुंबकत्व विरघळतं. ही सावधान-विश्रामची कसरत त्या तापमानाच्या आसपास सर्वांत जोरात चालते. लोखंडाचं क्युरी तापमान ७७० अंश सेल्सिअस, म्हणजे फ्रीजसाठी निरुपयोगी. गॅडोलिनियमचं साधारण २० अंश. अगदी आपल्या खोलीतलं!

शंभर वर्षांची वाट

हा परिणाम १९१७मध्ये पिअर वाइस आणि ऑग्युस्त पिकार यांनी निकेलमध्ये मोजला. (टिनटिनच्या कॉमिक्समधले विसरभोळे प्रोफेसर कॅल्क्युलस ज्यांच्यावरून सुचले, तेच हे पिकार.) १९३३मध्ये अमेरिकेत विल्यम जिओक आणि डी. पी. मॅकडूगल यांनी याच पद्धतीने ०.२५ केल्विन गाठलं, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या पाव अंश वर. जिओक यांना १९४९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आजही अवकाशात ही युक्ती कामाला येते. २०२३मध्ये झेपावलेल्या जपानच्या 'क्रिझम' या क्ष-किरण दुर्बिणीतलं एक उपकरण अशाच पद्धतीने ०.०५ केल्विनपर्यंत थंड ठेवलं जातं.

खोलीच्या तापमानाला हे जमतं, हे १९७६मध्ये नासाच्या जेराल्ड ब्राउन यांनी दाखवलं. गॅडोलिनियम आणि ७ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र वापरून त्यांनी दोन टोकांमध्ये ४७ अंशांचा फरक मिळवला. पण हॉस्पिटलमधल्या नेहमीच्या एमआरआय मशीनमध्ये १.५ टेस्ला असतं. ७ टेस्ला घरी कोण आणणार? साध्या कायमच्या चुंबकातून १ टेस्लाच्या आसपास मिळतं आणि तेवढ्यात गॅडोलिनियम एका फेरीत जेमतेम ३ अंशांनी तापतं-निवतं. म्हणून मग त्या धातूच्या बारीक दाण्यांच्या थरातून पाणी पुढे-मागे खेळवतात, रिले रेससारखं. प्रत्येक फेरीत थोडी थोडी उष्णता पुढे सरकते आणि एक टोक हळूहळू फ्रीजइतकं गार होतं.

१९९७मध्ये अमेरिकेच्या एम्स लॅबोरेटरीत विताली पेचार्स्की आणि कार्ल श्नायडनर यांनी गॅडोलिनियम, सिलिकॉन आणि जर्मेनियमच्या संयुगात हा परिणाम कितीतरी मोठा असल्याचं दाखवलं आणि या क्षेत्रात धावपळ सुरू झाली. २०१५मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात हायर, बीएएसएफ आणि अॅस्ट्रोनॉटिक्स यांनी मिळून चुंबकावर चालणारा वाइन कूलर मांडला. दहा वर्षं उलटली. आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन असा फ्रीज मागून बघा, सेल्समन तुमच्याकडेच बघत राहील.

गॅस गेला, धातू आला

इथे खरी मेख आहे. चुंबकीय फ्रीज गॅसपासून सुटका करतो, पण आपल्याला दोन नव्या गोष्टींना बांधतो. एक म्हणजे तापणारा-निवणारा पदार्थ. दुसरं म्हणजे त्याला 'सावधान' करणारा तगडा चुंबक, जो बहुतेक वेळा निओडिमियमचा असतो. दोन्ही दुर्मीळ खनिजांच्या कुटुंबातले. आणि या खनिजांच्या शुद्धीकरणाचा जगातला सुमारे ९० टक्के कारभार चीनच्या हातात आहे.

याचा अर्थ काय होतो, ते आपण २०२५मध्ये पाहिलं. चीनने बंदी घातली नव्हती, फक्त परवाना मागितला होता. तेवढ्यावर जगभरच्या वाहन कंपन्यांची धांदल उडाली. पुण्याच्या बजाज ऑटोलाही मॅग्नेटच्या टंचाईमुळे इलेक्ट्रिक गाड्यांच्या उत्पादनाला कात्री लावावी लागली. स्कूटरच्या मोटरमध्ये जे झालं, ते उद्या फ्रीजमध्ये होणार नाही कशावरून?

नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्र सरकारने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. देशातच वर्षाला ६ हजार टन रेअर अर्थ मॅग्नेट बनवायची क्षमता उभी करण्यासाठी. पाऊल योग्यच आहे. पण ही योजना चुंबकाची आहे. चुंबकीय फ्रीजचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे थंड होणारा पदार्थ, त्यात येत नाही.

आपल्या वाळूत काय आहे?

आता थोडी चांगली बातमी. सरकारी आकडेवारीनुसार देशात १ कोटी ३१ लाख टनांहून जास्त मोनाझाइट आहे. केरळ, तमिळनाडू, ओडिशा, आंध्र ही मोठी नावं, पण या यादीत महाराष्ट्रही आहे. हे काम पाहणाऱ्या आयआरईएल या सरकारी कंपनीचं मुख्यालयही मुंबईतच. मात्र आपल्या मोनाझाइटमध्ये 'हलकी' दुर्मीळ खनिजं भरपूर आहेत, लँथेनम, सेरियम, निओडिमियम वगैरे. गॅडोलिनियमच्या पुढची 'जड' मंडळी काढण्याजोग्या प्रमाणात नाहीत.

म्हणजे गॅडोलिनियमवर उभा राहिलेला फ्रीज आपल्याला कायम परावलंबी ठेवणार. पण पर्याय आहेत. लँथेनम-लोखंड-सिलिकॉन हे एक संयुग. मँगनीज-लोखंड-फॉस्फरस-सिलिकॉन हे दुसरं, ज्यात दुर्मीळ खनिज मुळीच लागत नाही. लँथेनम तर चीनच्या त्या सातांच्या यादीतही नव्हतं. मुंबईत आयआयटी आणि टीआयएफआरमध्ये मॅग्नेटोकॅलरिक पदार्थांवर अनेक वर्षं संशोधन झालेलं आहे, म्हणजे पाटी कोरी नाही.

अर्थात, या पदार्थांचे नखरे कमी नाहीत. लँथेनमवालं संयुग चुंबकत्व बदलताना आकारही बदलतं, त्यामुळे त्याला तडे जातात, शिवाय पाण्यात ते गंजतं. काही पदार्थ 'विश्राम'मध्ये परत यायला आढेवेढे घेतात आणि त्यात ऊर्जा वाया जाते. सेकंदाला एक फेरी धरली, तरी सतत चालणाऱ्या फ्रीजमध्ये १० वर्षांत ३१ कोटींहून जास्त फेऱ्या होतात. तेवढं सोसणारा आणि स्वस्तात टनावारी बनवता येणारा पदार्थ हवा. हे काम एका शोधनिबंधात होत नाही. त्यासाठी मेटलर्जी, मशीन डिझाइन, कारखाना आणि सोबत चिकाटीने लागणारा पैसा लागतो.

मग वाट बघायची?

कॉम्प्रेसरही गप्प बसलेला नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. इन्व्हर्टर आले. नव्या घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन आला, ज्याचा हवामानावर परिणाम नगण्य आहे. चुंबकाला हरवायचंय ते या सुधारत जाणाऱ्या कॉम्प्रेसरला. म्हणून बेडरूमचा एसी बहुधा शेवटी बदलेल. आधी बदलतील त्या जागा, जिथे आवाज, गॅसगळती किंवा अतिशीत तापमान हा मोठा प्रश्न आहे. उदाहरणार्थ, हायड्रोजन उणे २५३ अंशांना द्रवरूप होतो आणि त्यासाठी चुंबकीय पद्धतीवर जपानमध्ये काम चालू आहे. हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटींचं मिशन जाहीर केलेल्या देशाने याकडे लक्ष द्यायलाच हवं.

२०२८ फार लांब नाही. आज जे एफवाय-एसवायला आहेत, ते तोवर पहिल्या पगारातून घरासाठी एसी घेत असतील. तो बहुधा कॉम्प्रेसरचाच असेल. पण त्याच्या पुढचा, २०४०च्या आसपासचा एसी कुठल्या पदार्थावर चालेल, हे आता ठरतंय. सोलर पॅनल आणि बॅटरीच्या बाबतीत आपण बाजार तयार झाल्यावर जागे झालो आणि आयातदार राहिलो. इथे बाजार अजून तयार व्हायचाय. ७,२८० कोटींच्या चुंबकाशेजारी थंड होणाऱ्या पदार्थासाठी एक छोटी ओळ बजेटमध्ये येते का, हे बघायला हवं. रिमोटवरचा आकडा १६ असावा की २०, यावर भांडून झालं असेल, तर हा प्रश्नही विचारायला हरकत नाही.