हिंमत ठेवा, असं सांगण्याआधी

दिवाळी अंकासाठी लेख मागवले की त्या वर्षी लोकांच्या मनात काय चाललंय ते कळतं. यंदा आमच्या टेबलावर सर्वांत जास्त साचला तो उपदेश. संकटाकडे संधी म्हणून पाहा. अपयश ही यशाची पहिली पायरी. दृष्टिकोन बदला, आयुष्य बदलेल. लिहिणारे सज्जन आहेत, कळकळीनं लिहितात. गरुड चाळिशीत डोंगरावर जातो, जुनी चोच खडकावर आपटून तोडतो, नखं उपटतो आणि नव्या चोचीनं पुढची तीस वर्षं जगतो, ही गोष्ट तर इतक्या जणांनी पाठवली की आता लिहावंच लागतं: गरुड असलं काही करत नाही. चोच तुटलेला पक्षी उपाशी मरतो.

गोष्ट खोटी आहे एवढ्यावरच आमचा राग नाही. जखमी जिवानं एकट्यानं डोंगर चढावा, एकट्यानं सोसावं आणि बरं होऊनच खाली यावं, असं ती सांगते. त्या डोंगरावर त्याला घास भरवायला कुणीच येत नाही, आणि कुणी यावं असं गोष्ट सांगणाऱ्यालाही वाटत नाही. वर्षभर आम्हाला सलत राहिलं ते हे.

बाकी २०२५ या वर्षाबद्दल थोडक्यात. फेब्रुवारीत दिल्लीच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष ताराबाई भवाळकरांचं भाषण ऐकून लोकसाहित्याला मान मिळाल्याचं समाधान वाटलं. मे महिन्यात जयंत नारळीकर गेले. जुलैत आपल्या विदर्भाची, नागपूरची दिव्या देशमुख बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून आली. पहिलीपासून हिंदीचा निर्णय सरकारला मागे घ्यावा लागला. आणि ऑगस्टमध्ये, वेचणी तोंडावर असताना, केंद्रानं कापसाचं आयात शुल्क उठवलं. यवतमाळच्या वाचकाला त्याचा अर्थ आम्ही समजावून सांगायला नको.

आता त्या सलणाऱ्या गोष्टीकडे. पावसाळ्याच्या तोंडाशी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कास्तकारांसाठी प्रेरणादायी व्याख्यान होतं. आम्ही श्रोत्यांत होतो. वक्ते बाहेरगावचे, तयारीचे. तासभर बोलले. पाऊस तुमच्या हातात नाही, भाव तुमच्या हातात नाही, पण मन तुमच्या हातात आहे, असा सूर होता. टाळ्याही पडल्या. मग प्रश्न विचारा म्हणाले. बराच वेळ कुणी उठलं नाही. शेवटी मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘साहेब, मालक गेल्यावर सातबाऱ्यावर आपलं नाव चढाले किती दिस लागते?’ व्यासपीठावरच्या एकालाही उत्तर देता आलं नाही. वक्त्यांनी ‘प्रयत्न सोडू नका’ असं सांगितलं आणि आभारप्रदर्शन झालं.

त्या बाईंनी त्या दिवशीचा सर्वांत नेमका प्रश्न विचारला होता. मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा. प्रतिज्ञापत्र जोडायचं. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. कागदावर हे काम महिन्याभराचं आहे. प्रत्यक्षात दीर सही देत नाही, सासरे ‘एवढी घाई कशाला’ म्हणतात, तलाठी सज्जावर भेटत नाही आणि वर्षं निघून जातात. नाव चढत नाही तोवर बाईच्या नावे पीककर्ज नाही, पीएम किसानचा हप्ता नाही, विमा नाही, अतिवृष्टीची मदत नाही. वावर ती कसते, निंदण ती करते, उधारी तिच्याकडेच मागायला येतात, आणि सरकारी कागदावर मात्र कास्तकार म्हणून गेलेला माणूस जिवंत असतो. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या सुमारे चाळीस टक्के बायांच्या नावे जमीन झालेली नव्हती. २०२५ मध्ये महसूल खात्यानं ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मयतांच्या जागी वारसांची नावं लावायला घेतली, त्याचं आम्ही मनापासून स्वागत करतो. या वर्षात कास्तकार बाईला धीर देणारी त्याहून मोठी गोष्ट आम्हाला तरी दिसली नाही.

आमचं म्हणणं सरळ आहे. हिंमत माणसाच्या छातीत आपोआप उगवत नाही. ती वेळेवर हातात पडलेल्या पैशातून, नावावर असलेल्या कागदातून आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या माणसातून येते. हे काहीच न देता जो नुसतं ‘हिंमत ठेवा’ म्हणतो, तो संकटाची सगळी जबाबदारी संकटात सापडलेल्याच्याच डोक्यावर टाकतो. उद्या तो मोडला, तर त्याचं मनच कच्चं होतं असं म्हणायला आपण मोकळे.

मन कच्चं होतं म्हणे! महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे आठवा. गावचे सरपंच राहिलेले, संगीताचे जाणकार, भजनात रमणारे गृहस्थ. १९ मार्च १९८६ रोजी त्यांनी पवनारजवळ पत्नी आणि चार लेकरांसह आयुष्य संपवलं. शेतीच्या आर्थिक कोंडीपायी गेलेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं नोंदलेलं शेतकरी कुटुंब मानलं जातं. २०१७ पासून दर १९ मार्चला किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेला ओ देऊन राज्यभर लोक त्यांच्या आठवणीत अन्नत्याग करतात. गाणाऱ्या, गाव चालवणाऱ्या त्या माणसाकडे सकारात्मकता कमी होती, असं म्हणण्याची छाती आहे का कुणाची? थकलेलं वीजबिल, तुटलेली वीज आणि पाण्यावाचून वाळणारं उभं पीक, यांना दृष्टिकोन बदलून उत्तर देता येत नाही.

तरीही माणसं उभी राहतात, आणि आपल्याच जिल्ह्यात राहतात. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. १९७३ मध्ये गदिमांच्या अध्यक्षतेखाली इथं संमेलन भरलं होतं, त्यानंतर ४६ वर्षांनी. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेऊन आयोजकांनी महाराष्ट्राची मान खाली घालायला लावली, हे आम्ही तेव्हाही लिहिलं होतं आणि आजही त्यावर ठाम आहोत. पण त्यानंतर उद्घाटनाला उभ्या राहिल्या त्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. २०११ मध्ये त्यांच्या नवऱ्यानं आत्महत्या केली होती. पदरी दोन लहान लेकरं. अंगणवाडीत काम, शिवणकाम आणि शेती, यावर त्यांनी घर ओढलं. शेतकऱ्यांच्या एकल बायांना घेऊन बसवलेल्या ‘तेरवं’ नाटकात त्यांनी काम केलं. त्या दिवशी मंडपात त्यांनी सांगितलं त्याचा आशय असा, की पुढच्या जन्मावर आपला भरवसा नाही, याच जन्मात लढायचं आहे. आणि अडीअडचणीला दिल्लीतली नव्हे, गल्लीतलीच बाई कामी येते.

त्यांच्यावर तेव्हा रकानेच्या रकाने भरले. बहुतेकांनी पहिलं वाक्य उचललं, कारण त्यात जिद्द होती. दुसरं सुटलं. आम्हाला दुसरं जास्त मोलाचं वाटतं. वैशालीताई उभ्या राहिल्या त्या अंगणवाडीच्या मानधनाच्या, शिवणयंत्राच्या, सोबतच्या बायांच्या आणि नाटकवाल्यांच्या आधारानं. हे म्हटल्यानं त्यांची जिद्द तसूभरही कमी होत नाही. मात्र ज्यांना यातलं काहीच मिळालं नाही त्या हजारो बाया कमी जिद्दीच्या होत्या, हा गैरसमज दूर होतो. त्याच वर्षी वैशालीताईंनी यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून लोकसभा लढवली. हरल्या. मंडपात त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणारे आपण सगळे त्या उन्हाळ्यात प्रचाराच्या धुळीत कुठे होतो, हे ज्यानं त्यानं आठवावं.

मनाची बाजू आम्ही नाकारतो, असा समज कुणी करून घेऊ नये. झोप उडते, माणूस बोलेनासा होतो, वावराकडे फिरकत नाही, जेवणावरची वासना जाते. हा आजार आहे आणि त्यावर औषधोपचार आहेत. आरोग्य खात्याच्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त आशाताई घरोघरी जाऊन कास्तकाराला त्याच्या मनाचं विचारतात, गरज दिसली तर दवाखान्यापर्यंत पोचवतात. जिथं हे काम नीट होतं तिथं माणसं वाचतात, कारण उपदेशाऐवजी एक ओळखीची बाई ओसरीवर टेकते, विचारते आणि ऐकून घेते. १०४ या क्रमांकावर आणि १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर फुकट बोलता येतं. हे आकडे भिंतीवर लिहून ठेवा, आणि शेजारच्या घरातलं कुणी गप्प गप्प दिसलं तर फोन तुम्ही लावून द्या.

या अंकाचा विषय आम्ही ‘दुबार पेरणी’ ठेवला तो याच भावनेनं. मृगात दोन सरी पडतात, लोक सरकी टोबतात आणि पाऊस दडी मारतो. दहाव्या दिवशी बाई वावरात जाते, तासातली माती बोटानं उकरते. कुठे बी फुगून कुजलेलं, कुठे कोंब निघून करपलेला. ती दोन-चार ठिकाणी उकरून पाहते, मग धुऱ्यावर येऊन बसते. तिथून पुढचा हिशेब असा: २०२५ मध्ये बीटी सरकीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची सरकारनं ठरवलेली कमाल किंमत ९०१ रुपये होती. एकराला दोन पाकिटं धरा. वर टोबणीची मजुरी, पुन्हा वखराची पाळी. पीककर्ज पहिल्या पेरणीतच मातीत गेलेलं. एका हंगामाला बँक दुसऱ्यांदा दारात उभं करत नाही. कृषी केंद्राची उधारी आधीच थकलेली. आणि हे सगळं आठवड्याभरात जमवायचं, कारण नंतर पेरलेल्या पऱ्हाटीला बोंडं उशिरा धरतात आणि बोंडअळी त्यांचीच वाट पाहत असते.

त्या आठवड्यात बचत गटानं सभेसाठी न थांबता पाच हजार दिले, शेजाऱ्यानं बैलजोडी दिली, गल्लीतल्या चार बाया एक दिवस मजुरी न घेता टोबायला आल्या, तर वावर पुन्हा हिरवं होतं. नाही आल्या तर सावकार येतो. दोन्ही घरांतल्या बाईची हिंमत सारखीच असते, फरक पडतो तो कोण आलं यानं. अंकातले लेख, कथा आणि मुलाखती आम्ही हाच प्रश्न धरून निवडल्या आहेत. मोडलेलं माणूस पुन्हा उभं राहिलं तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं, हे ज्या लेखात सापडलं नाही तो लेख कितीही सुरेख असला तरी आम्ही परत केला.

सरकारचाही हिशेब इथंच मांडायला हवा. आत्महत्याग्रस्त कुटुंब ‘पात्र’ ठरलं तर १ लाख रुपये मिळतात. ३० हजार हातात, ७० हजार मुदत ठेवीत. २००६ पासून रक्कम तीच. ‘अपात्र’ ठरलं तर काहीच नाही, आणि अपात्रतेचं एक मोठं कारण म्हणजे जमीन त्या माणसाच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या नावे नसणं, किंवा कर्ज बँकेऐवजी बिनपरवान्याच्या सावकाराचं असणं. सर्वांत नाडलेला माणूसच नियमात बसत नाही. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये अनेक बायांना अर्ज कुठे करायचा ते न कळल्यानं मिळत नाहीत. हे बदलायला कुठल्याही संशोधनाची गरज नाही. रक्कम वाढवा, नियमात जमीन कसणारा माणूस बसवा आणि पेन्शनचा अर्ज ग्रामसभेतच भरून घ्या. जिल्ह्याच्या आमदार-खासदारांना हे लेखी विचारायचं आम्ही ठरवलं आहे. कुणी काय उत्तर दिलं ते पुढच्या दिवाळीत नावानिशी छापू.

आणि आपलाही हिशेब मांडायला हवा. पुण्या-मुंबईत यवतमाळचं नाव काढलं की समोरचा चुकचुकतो. वसतिगृहातल्या आपल्या पोरांना ते सोसावं लागतं. लोकनायक बापूजी अण्यांचा, गहुलीच्या वसंतराव नाईकांचा हा जिल्हा आत्महत्यांच्या आकड्यानं ओळखला जावा, हे आम्हाला मान्य नाही. पण ती ओळख पुसायची तर आकडा लपवून किंवा प्रेरणेची व्याख्यानं भरवून पुसणार नाही. शेजारच्या घरी जाऊनच ती पुसली जाईल.

म्हणून या दिवाळीत वाचकांकडे हक्कानं मागणं मागतो. इतकी वर्षं तुम्ही या अंकाला घरचं मानलंत, म्हणून हक्क. शुभेच्छांचे संदेश पाठवाल तेव्हा गावातलं एक घर मनात धरा, जिथं यंदा आकाशकंदील लागणार नाही. फराळाचा डबा घेऊन जा, पण तेवढ्यावर परत येऊ नका. सातबारा कुणाच्या नावे आहे ते विचारा. वारस नोंद झाली नसेल तर बाईंसोबत तलाठ्याकडे जा, एकदा नव्हे, फेरफार हातात पडेपर्यंत. वेचणीची मजुरी थकवली असेल तर लक्ष्मीपूजनाच्या आधी चुकती करा. तुम्ही कापसाचे व्यापारी असाल तर चुकारा रोखून धरू नका.

पुढच्या अंकापासून आम्ही ‘प्रेरणादायी’ या सदराखाली काहीही छापणार नाही. त्या पानांवर तालुकानिहाय माहिती येईल: वारस नोंद, पेन्शन, पीककर्ज, कुणाकडे जायचं, काय कागद लागतात, कुठे अडतं. त्यासाठी तुमचे अनुभव लिहून पाठवा. कुणाच्या घरी गेलात, काय काम झालं, काय राहिलं. जे राहिलं असेल ते तर आवर्जून कळवा, कारण पुढच्या वर्षी आपल्याला तिथूनच काम सुरू करायचं आहे.



— संपादक